उजवीकडचं तोंड

आबा, तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलेय. रविवारची दुपार आहे. आई तुमच्यामागे चार वर्षांनी गेली. हिंगोलीतल्या या खोलीत मी एकटीच राहते. कामावर चार माणसं असतात, पण मंगळवारपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलतात. चहाला मला हाक मारत नाहीत. म्हणून साइटच्या वहीची मागची पानं फाडली आहेत आणि तुमच्याशी बोलतेय. तुम्ही तरी उठून जाणार नाही.

तुम्ही शिकवलं तेच अजून करते. जमिनीखालची केबल जोडायची, तो जोड डब्यात बंद करायचा आणि केबल डब्यात शिरते ती दोन्ही तोंडं अशी बुजवायची की पाण्याचा थेंब आत जाऊ नये. बघणाऱ्याला वाटतं, तारा जोडणं हेच अवघड. तुम्ही हसायचात. "तारा कुनीबी जोडतंय. तोंड बुजवता आलं पायजे." आणि ते मला रस्त्याच्या कडेला नाही, आईच्या स्वयंपाकघरात शिकवलंत. जुना रिकामा डबा, दोन्ही तोंडांत केबलचे हात-हात लांब तुकडे, आणि आत चुलीवर भाजलेला एक पापड. तोंडं मी बुजवायची, झाकण तुम्ही आवळायचं आणि डबा तीन दिवस पाण्याच्या घंगाळात बुडवून ठेवायचा. "पापड बी तुमच्या खेळात घाला आता," आई म्हणायची. तिसऱ्या दिवशी तुम्ही डबा उघडून पापड मोडायचात. पहिल्या चार वेळा तो ओल्या चिंधीसारखा लोंबला. पाचव्यांदा कडकन मोडला, तेव्हा अर्धा तुम्ही खाल्लात, अर्धा मला दिलात. तेवढं कौतुक मला आयुष्यात पुन्हा कुणी केलेलं नाही.

रागवायचातही. एकदा हट्टा गावी काम चाललं होतं. वरून गुंडाळायचा टेप पक्का चिकटावा म्हणून केबलचं काळं आवरण मी पॉलिश पेपरनं घासून खरबरीत केलं, पुसलं आणि सहज अंगठा फिरवून बघितला. "हात लावलास व्हय? सकाळी डोक्याला तेल लावलेला हात त्यो. पुस पुन्हा." मी म्हटलं, एवढ्यानं काय होतंय? तुम्ही केबल बाजूला ठेवलीत. "काहून ग बाई, पानी काय तुला इचारून आत जानार हाय?" चार माणसांत लाज वाटली. पण तेव्हापासून पुसलेल्या केबलला मी बोट लावलेलं नाही.

आता कनेरगाव नाक्याच्या पुढचं ते काम. गावाच्या पाणीपुरवठ्याच्या मोटरीची केबल रस्त्याखालून न्यायची होती. मी पंचवीस वर्षांची. दसऱ्याचे दिवस, हिंगोलीत प्रदर्शन लागलेलं, आणि माझ्या मैत्रिणी जीप करून आल्या होत्या. त्या वर रस्त्यावर हॉर्न वाजवतायत, मी खड्ड्यात. डावीकडचं तोंड तुम्ही बुजवलंत आणि म्हणालात, "उजवीकडचं तू कर, मी माती बघतो." मी केलं. तुम्ही येऊन पाहिलंत तेव्हा वरून टेप छान गुंडाळलेला होता. टेपाखालचं वरून दिसत नाही. "जा," म्हणालात. मी पळाले. आकाशपाळण्यात बसले, भेळ खाल्ली.

पुढच्या श्रावणात मोटर बंद पडली. गावात चार दिवस पाणी नाही. आपण खणायला गेलो तेव्हा बाया घागरी घेऊन खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या. डबा तुम्ही काढलात, सगळ्यांकडे पाठ करून उघडलात, दोन्ही तोंडांचा टेप ओढून पाहिलात आणि लगेच पोत्यात घातलात. पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणाले, "बाबा, आता बस करा. नजर राहिली नाही तुमची." त्या सगळ्या बायांच्या समोर. तुम्ही म्हणालात, "व्हय साहेब. न्हाई दिसत आता बराबर." मी तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते. मी पायाखालची माती बघत राहिले.

तुम्ही हिंगोलीहून चष्मा करून आणलात. हत्यारांची पिशवी माझ्याकडे दिलीत आणि पुन्हा कधी खड्ड्यात उतरला नाहीत. आई आल्या-गेल्याला सांगायची, यांचे डोळे गेले. एकदा तिला गोधडीसाठी सुईत दोरा ओवता येईना, तर तुम्ही तिच्या हातून सुई घेतलीत आणि पहिल्याच झटक्यात ओवून दिलीत. चष्मा कोनाड्यात होता. मी पाहिलं, आणि भाकरी थापत राहिले. तुम्ही असेपर्यंत मी मनाला हेच सांगत आले की जोड कशानं गेला ते कुणालाच कळलेलं नाही.

मंगळवारी सेनगावच्या रस्त्यावर एक जोड उघडला. असले डबे बहुतेक जळून कोळसा झालेले असतात, त्यांत काही ओळखू येत नाही. हा जळला नव्हता, तुम्ही उघडलात तोही जळला नव्हता. एका तोंडाचा टेप काढताना बोटं दुखून आली. दुसऱ्या तोंडाचा ओल्या बाहीसारखा सरकन निघाला आणि खाली आवरण नव्या केबलसारखं चकाकत होतं. पॉलिश पेपर लागलेलाच नव्हता. कुणाचं तोंड नीट आणि कुणाचं नाही, हे सांगायला एक नजर पुरते. म्हणजे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं, आबा. पाठ करून उभे होतात तेव्हाच.

आणि मी काय केलं? ते तोंड ज्यानं बुजवलं होतं तो दोन लेकरांचा बाप शेजारीच उभा होता. मी केबल वर धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हे याचं काम." तो म्हणाला, "ताई, घाई होती, इसरलो." मी म्हटलं, विसरायला ही काय छत्री आहे? दोघं हसले. तो नाही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आलेला नाही. त्याच्या घरी जायला हवं. दोनदा चप्पल घातली आणि काढली.

तुमचा राग येतो. हट्ट्याला एका अंगठ्यासाठी रागावलात, आणि इथे अख्खं गाव तहानलेलं असताना गप्प बसलात. घरी येऊन एक शब्द बोलला असतात तर मी रडले असते, मोकळी झाले असते. तुम्ही चष्मा लावून ओसरीवर बसलात आणि मला जेवायला हाक मारलीत.

हे पत्र कुठे टाकणार? परत वहीतच खोचून ठेवीन. पण लिहायला घेतलंच आहे तर खरं ते लिहिते. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी विसरली. मी विसरले नव्हते, आबा. पॉलिश पेपर माझ्या खिशात होता. टेपाचा पहिला वेढा देतानाच मला ठाऊक होतं, आणि मनात आलं होतं, काही झालंच तर आबा आहेत.