तुळशीखालची नाळ

४ मार्च २००४

चेन्नईला पोचले एकदाची. लेक मकरंद स्टेशनावर आला होता, पोट सुटलंय त्याचं. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे भाग बनवतात, त्या कारखान्यात तो नोकरीला. भाड्याचं घर जवळच, मागं परस आणि विहीर. सगळी वस्ती टँकरमागं धावतेय, आमच्या विहिरीला पाणी आहे. सावनीला आई नाही, म्हणून सुनेचं बाळंतपण मीच काढणार. नातू गंधार चार दिवसांचा, भोपळ्यासारखा गोल, लाथा झाडतो. इथं बोलायला माणूस नाही तर लिहा, म्हणून सुनेनंच वही दिली. चौथी शिकलेय. अक्षराला हसायचं त्यानं हसावं.

७ मार्च

गंधारची नाळ पडली. आमच्यात नाळ घरच्या मातीत पुरतात, वर झाड लावतात, म्हणजे पोर तिथं रुजतं. साताऱ्याहून डब्यातून तुळस आणलीच होती. परसात सगळी फरशी, माती काय ती वेड्या बाभळीखाली. गवताची काडी नाही तिथं, पण मी रोज पाणी घालीन. तिथंच पुरली.

शेजारच्या कमलिनीबाई भिंतीवरून बघत होत्या. तंजावरकडच्या मराठी, बोलणं माझ्या आजेसासूसारखं, हेल तमिळ. म्हणाल्या, तिथं काही पुरू नको. हे झाड बाहेरून आलंय, इथल्या कुणाला जगू देत नाही. त्यांचा मोगरा गेला, कढीपत्ता गेला. म्हटलं, बाहेरची मीपण आहे. तर म्हणाल्या, तू आहेस, पोरगं इथं जन्मलंय.

काहीतरीच बोलतात.

१९ मार्च

तुळस काळी पडली. बाभळीला मात्र या उन्हात कोवळी पालवी. गंधार दूध पितो चांगलं, पण लंगोट कोरडे. डॉक्टर म्हणतो ऊन बाधलं. त्याला काय कळतंय.

२४ मार्च

कोयता घेतला आणि बाभूळ बुंध्यापासून तोडली. कमलिनीबाई ओरडत होत्या, तोडलीस तर दहा फुटतील. म्हटलं, दहा तोडीन. खोडातून चीक आला, पांढरा. हात धुतले, वास जात नाही. बाळंतिणीच्या दुधाचा वास आहे तो.

२७ मार्च

बुंध्याभोवती कोंभ, बोटाएवढे जाड. विहीर आटली. गंधारचं पोट सुरकुतलं, टाळू खोल गेली. रडतो, डोळ्यांत पाणी नाही. दवाखान्यात सलाईन लावलं. बाटली संपली, पोर तसंच. घरी आलो तर कोंभ कमरेएवढे —

२९ मार्च

नाळ काढायला खणलं. सापडली. वाळकी पुरली होती, आता ओली आहे. नाडीसारखी उडते. मुळांनी गुंडाळलीय. एका मुळावर कोयता घातला — घरात गंधार किंचाळला.

तोडायचं नाही मग. हातानं सोडवायला गेले, काटा रुतला, रक्त मुळावर पडलं. मूळ सैल झालं. तेवढ्यात आतून सावनी म्हणाली, आई, याच्या डोळ्यांत पाणी आलं —

संध्याकाळ

डावा हात खड्ड्यात घातलाय. उजव्यानं लिहिते. सावनी, हे वाचलंस की पोराला घेऊन साताऱ्याला जा. मला काढायला येऊ नको. मकरंदलाही येऊ देऊ नको.

मुळं कोपरापर्यंत आली. दुखत नाही. नुसती तहान —

नाळ सुटतेय. आत रडतोय तो, ओल्या गळ्यानं. बाभळीला म्हटलं, पी, पी मेले. त्याला सोड. मी आहे ना, मी, बाहेरची —