ध्रुवावरची ऊब

बोल्डर, कोलोरॅडो
१२ नोव्हेंबर

प्रिय लोर्ना,

तू बरी असशील. इकडे बर्फ पडून वितळलासुद्धा. आमच्या मर्विनचा गुडघा आता जिना चढू देतो, त्यामुळे त्याची कुरकुर वरच्या मजल्यावरही पोचली आहे. तुझे फोन येऊन गेले. मी मुद्दाम घेतले नाहीत. फोनवर मी लगेच "जाऊ दे गं" म्हणून मोकळी होते.

मंगळाभोवती फिरणाऱ्या आपल्या यानाची वीज कमी पडू लागली, तेव्हाच तुझा कॅमेरा आणि माझा तापमापक यांतलं एकच चालू राहणार हे दिसत होतं. तू कॅमेऱ्यासाठी भांडलीस, त्याचा राग नाही. मीही भांडलेच.

पण ऑगस्टमध्ये तुझ्या स्वयंपाकघरात मक्याची कणसं सोलताना मी म्हणाले होते, "दक्षिण ध्रुव दर उन्हाळ्यात थोडा जास्त उबदार दिसतोय गं. कधी वाटतं, ग्रह बदलत नाहीये, माझं यंत्रच म्हातारं झालंय."

"विनी, तुला स्वतःच्या सावलीचाही पुरावा लागतो," तू हसलीस. "कणसं सोल मुकाट्यानं."

कोणतं यंत्र चालू ठेवायचं हे ठरवणाऱ्या समितीसमोर तू तेच काढलंस. "खुद्द विनिफ्रेडचाच तिच्या आकड्यांवर विश्वास नाही."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "असं म्हणालात तुम्ही?"

"म्हणाले होते." दुसरं काय सांगणार? खोटं नव्हतं ते.

तेव्हापासून स्वतःला विचारते आहे, खऱ्या गोष्टीचा राग कसा धरायचा? माझा अहंकार दुखावला, एवढंच का? असेलही. पण तू आधी मला विचारलं असतंस, तर ती शंका मीच उठून मांडली असती. ती तपासायची कशी, तेही सांगितलं असतं. यंत्र ग्रहाकडून वळवून काही दिवस रिकाम्या आकाशाकडे धरायचं, आणि तिथं त्याला शून्य दिसतं का बघायचं. तेवढे दिवस नोंदींत खंड पडेल म्हणून मी ते टाळत होते, हे तुला ठाऊक होतं. तू उपयोगाचं तेवढं उचललंस.

माझं यंत्र बंद करायची तारीख ठरल्यावर टाळण्यासारखं काही उरलं नाही. वळवलं.

लोर्ना, शून्य अगदी जागेवर आहे. यंत्राचं काही चुकत नव्हतं. ध्रुव खरंच तापतो आहे, आणि सोमवारी आम्ही यंत्र बंद केलं. येणारा उन्हाळा कुणीच मोजणार नाही. तुझा कॅमेरा बर्फ मागे सरकलेला दाखवेल, पण ऊब त्याला दिसत नाही.

समितीला कळवलं. "निर्णय झालेला आहे," असं उत्तर आलं.

आजवर माझी प्रत्येक शंका आधी तुझ्याकडे आली. ही खात्री मात्र सगळ्यांना कळवून झाल्यावर तुला कळवते आहे.

इतकी वर्षं तुझी असलेली,
विनिफ्रेड