सिदराहचं पाणी

१२ जानेवारी, रविवार

पोचले! घरापासून बहात्तर किलोमीटर, त्यातले शेवटचे नऊ वाळूतून. गाडी मीच चालवली. दोनदा रुतली, दोन्ही वेळा मीच काढली. यज्ञेशला फक्त पहिल्या वेळचं सांगितलं.

सौदीत, जिझानला येऊन नऊ वर्षं झाली. नवऱ्याची रिफायनरी, लेक नूपुरची शाळा, माझं स्वयंपाकघर. दापोलीची कृषी पदवी कपाटात, पासपोर्टांच्या खाली. आता काम मिळालंय. जेद्दाच्या एका सल्लागार कंपनीला या भागातल्या बेचाळीस बागायती गावांची माहिती हवी आहे. एका गावाला आठ पानांचा फॉर्म. घरं, माणसं, झाडं, विहिरी, पाण्याचा खारटपणा. शेवटच्या पानावर एकच चौकट — बागायत टिकेल / टिकणार नाही. ‘टिकेल’वाल्यांना पाइपने पाणी येणार. उरलेल्यांच्या बागा काढणार आणि माणसांना शहराजवळ घरं देणार.

माझ्या वाट्याला सहा गावं. सिदराह पहिलं. सिदर म्हणजे बोर. म्हणजे आपलं बोरगावच की!

नदी म्हणावी तर नदी नाही. वादी. डोंगरातून येते, इथे सपाटीला हाताच्या बोटांसारखी फाकते आणि समुद्राआधीच वाळूत जिरते. वर्षातले दहाबारा दिवस पाणी, बाकी दिवस कोरडं पात्र. पण त्या गाळावर आंबा, केळी, पपई, मोगरा. आंबा मोहोरलाय. गाडीची काच खाली केली आणि तो वास आला. पाच मिनिटं उतरलेच नाही.

उतरल्यावर पहिल्याच बाईने विचारलं, “झाडं मोजायला आलीस की तोडायला?”

मी फॉर्मची फाइल बगलेत दाबली. तेवढं अरबी मला कळलं.

१३ जानेवारी

५३ घरं. ३४० माणसं. झाडं उद्यापासून.

१९ जानेवारी, रविवार

विहिरी सात. आज सगळ्या मोजल्या. सोबत उमैर. तो मुलतानचा, इथल्या बागांचा मुकादम, तीस वर्षं इथेच. मला बाजी, म्हणजे ताई म्हणतो, वयाने माझ्या बापाएवढा असून. दोर सोडून बाटलीत पाणी काढायचं, त्यात खारटपणाचा मीटर बुडवायचा, आकडा लिहायचा. आंब्याला दोनच्या खाली हवा. दोन विहिरी बऱ्या. एक काठावर. उरलेल्या चार — ३.९, ४.२, ५.१, ५.६!

शेवटच्या विहिरीचं पाणी उमैरने जिभेला लावलं आणि थुंकला. “बाजी, ये पानी नहीं, सालन है!” सालन म्हणजे मटणाचा रस्सा.

झाडं बोलतातच. पानांची टोकं करपलेली, शेंडे वाळलेले. पश्चिमेच्या रांगांत मोहोरच नाही. ११८ झाडं मेलेली उभी. कुणी तोडत नाही. मी विचारलं, का? उमैर म्हणाला, “अपने हाथ से कौन काटे.”

२१ जानेवारी, मंगळवार

जेद्दाहून इंद्रनीलचा फोन. माझा साहेब, पुण्याचा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. “निवेदिता मॅडम, आकडे बघितले. सातातल्या चार विहिरी गेल्या म्हणजे विषय संपला ना? ‘टिकणार नाही’वर खूण करा आणि पुढच्या गावाला जा. एका गावाला तीन दिवस, असं ठरलंय आपलं.”

म्हटलं, चार विहिरी गेल्या, पण तीन का नाही गेल्या? तिन्ही पूर्वेच्या, रस्त्याला लागून. पश्चिमेकडून समुद्राचा खार आत येतोय हे खरं. पण कधीपासून? आणि का?

“फॉर्ममध्ये ‘कारणे’ असा कॉलमच नाहीये.”

“मग मी पानाच्या मागे लिहिते.”

हसला. मी हसले नव्हते.

२३ जानेवारी

जेवताना नूपुर — “मम्मा, आर दे गोइंग टु कट ऑल द ट्रीज बिकॉज ऑफ युवर फॉर्म?” नेहमीप्रमाणे म्हटलं, मराठीत विचार. तिने माझ्याकडे बघितलं. “तुझ्या फॉर्ममुळे?”

दोनच शब्द. जेवण संपलं.

२८ जानेवारी, मंगळवार

आज बायकांत बसले. इतके दिवस पुरुषांना विचारत होते आणि सगळे एकच सांगत होते — अल्लाची मर्जी, पाऊस कमी झाला. पावसाचे आकडे माझ्याकडे आहेत. पाऊस कमी झालेला नाही.

उम्म तल्हाच्या घरी गेले. पहिल्या दिवशी ‘मोजायला की तोडायला’ विचारणारी हीच. सत्तरीची, उंच, काटक. नवरा गेल्यापासून चारशे झाडं ती एकटी सांभाळते. डोक्यावर मोगऱ्याची जाड माळ. मी म्हटलं, आम्हीही घालतो, गजरा म्हणतो. तिने आपली काढून माझ्या डोक्यावर ठेवली. मग मरसा खायला घातला. केळं आणि रोटी एकत्र कुस्करून वर तूप-मध. शिकरणात पोळी कुस्करावी तसं! तीन वेळा वाढून घेतलं.

मध्ये दुवा म्हणून तिची सून घालिया. जिझानच्या विद्यापीठात शिकलेली, इंग्रजी फर्डं. विचारलं, पाणी खारट कधी झालं?

म्हातारीने बोटांवर मोजलं. वर्षं नव्हे, नातवंडं. “अनसच्या वेळी गोड होतं. जनाच्या वेळी चहा बिघडायला लागला.” घालिया म्हणाली, जना बारा वर्षांची आहे.

“बारा वर्षांपूर्वी काय झालं?”

“रस्ता झाला.”

असं म्हणाली, जणू हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पूर्वी सैल — म्हणजे वादीचा पूर — सरळ गावात यायचा. आधी वरच्या शेताचा हक्क, मग खालच्याचा. गुडघाभर साचलं की मातीचा बांध फोडून पुढच्याला द्यायचं. तिने उठून स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून दाखवलं, इथवर. “पुराचं पाणी जमीन धुतं. खार खाली दाबून ठेवतं. रस्ता झाला, सैल यायचा थांबला. मग समुद्र आला.”

चार वर्षं कृषी महाविद्यालयात बसून मी जे शिकले ते या बाईने एका दमात सांगितलं.

विचारलं, मग आजवर हे कुणाला सांगितलं का नाही?

घालियाने भाषांतर केलंच नाही. तीच म्हणाली, “कुणी विचारलं?”

३१ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. यज्ञेशने मित्राकडून लेव्हल मोजायचं यंत्र आणलं. “पेट्रोकेमिकलवाल्याला हमाल केलंस,” म्हणत दिवसभर पट्टी धरून उन्हात उभा राहिला. नूपुर आकडे लिहायला. उमैर पुढे.

रस्ता गावाच्या पूर्वेला, उत्तर-दक्षिण जातो. जमिनीपासून दीड मीटर उंच. पुराने यायचं डोंगराकडून, म्हणजे रस्त्याला आडवं. मग खालून जायला वाट? आहे! मोरी आहे! तीन तोंडांची, चांगली भक्कम. नकाशात आहे. जमिनीवर दिसत नाही, कारण तिच्यावर राडारोडा आणि वाळू. काम संपल्यावर कुणीतरी तिथेच ओतून गेलंय. उमैरने पहारीने टोकरलं तेव्हा दोन हात खाली काँक्रीट लागलं. खण्णकन्!

पूर येतो, रस्त्याला थडकतो, लगतच्या तीन विहिरींपुरता मुरतो, बाकीचा कडेकडेने दक्षिणेला चार किलोमीटर पळतो, तिथल्या पुलाखालून समुद्राकडे जातो. वाया.

यज्ञेश मातीत बसून राहिला. “एवढंच?” म्हणाला. “बारा वर्षं, एवढ्यासाठी?”

६ फेब्रुवारी, गुरुवार

अहवाल पाठवला. आठ पानांचा फॉर्म आणि मागे एकवीस पानं. लेव्हलचे आकडे, फोटो, उम्म तल्हाचा जबाब. ‘टिकेल’वर खूण. खाली लिहिलं — मोरी मोकळी करण्याच्या अटीवर. पुराचे पाणी सध्या दक्षिणेकडून समुद्रात वाया जाते.

इंद्रनीलचा फोन वीस मिनिटांत. “हे आपल्या कामात बसत नाही. रस्ता दुसऱ्या खात्याचा. क्लायंट चिडेल. तुमचं कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं आहे, पुढचं मी कसं —”

“इंद्रनील, त्या चौकटीत खोटी खूण करायला दुसरं कुणी शोधा. मी केलेली खूण मी बदलणार नाही.”

फोन मीच ठेवला.

७ फेब्रुवारी

काहीच नाही. चकल्या केल्या. बिघडल्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जेद्दा. विमानाने सकाळी जाऊन संध्याकाळी परत. इंद्रनीलनेच बोलावलं. “तुम्हीच सांगा क्लायंटच्या समितीला. मी सांगितलं तर मलाही पटणार नाही.” खोलीत अकरा पुरुष. मी उम्म तल्हासारखा गुडघ्यावर हात ठेवून दाखवला. एक म्हातारे सदस्य खुर्चीत पुढे सरकले. त्यांचं बालपण अशाच गावातलं. म्हणाले, आमच्याकडेही गुडघाच होता. बाकीचे फोनमध्ये.

बाहेर आल्यावर इंद्रनीलने कॉफी आणून दिली. म्हणाला, “माझे आजोबा पाटबंधाऱ्यात होते. त्यांना तुम्ही आवडला असता.” एवढंच. माणूस वाईट नाही.

१३ मार्च, गुरुवार

रमजान. घालियाचा मेसेज — मोरी उघडायला परवानगी! शिक्क्यासकट पत्र. गावाच्या शेखाने रस्ते खात्यात तीन खेपा घातल्या, शेवटच्या खेपेला उम्म तल्हा स्वतः गेली आणि साहेब येईपर्यंत हलली नाही. रोजा धरून!

संध्याकाळी इफ्तारला बोलावणं. तिघंही गेलो. नूपुर आणि जना कुठल्या भाषेत बोलत होत्या देव जाणे, पण दोन तास बोलत होत्या.

९ एप्रिल, बुधवार

जेसीबी आला. दिवसभर राडारोडा निघाला. टायर, लोखंड, एक अख्खी सिमेंटची मिक्सर-गाडी भरेल एवढं काँक्रीट. दुपारी तीनला पहिल्या तोंडातून पलीकडचा उजेड दिसला. पुरुष ओरडले. उमैर वाकून आरपार बघत राहिला, मग डोळे पुसत म्हणाला, धूळ फार आहे.

मग बांध. बारा वर्षं कुणी घातला नव्हता. तरुणांना कुठे घालायचा तेही ठाऊक नाही. उम्म तल्हा काठी घेऊन पुढे चालली आणि रेघ ओढत गेली. इथून इथे. इथून इथे. एकदाही थांबली नाही.

२७ एप्रिल, रविवार

सैल!

सकाळी साडेनऊला घालियाचा फोन, “डोंगरात पाऊस, निघ!” मी पोचले तेव्हा यायचा होता. आधी वास आला, ओल्या मातीचा. मग आवाज, लांबून ट्रक यावेत तसा. मग मोरीच्या तिन्ही तोंडांतून तपकिरी पाणी, फेस, काटक्या, एक प्लास्टिकची खुर्ची! पोरं किंचाळत सुटली. ज्यांनी आयुष्यात गावात पूर बघितला नव्हता अशी पोरं.

पहिल्या शेतात पाणी चढायला लागलं. उम्म तल्हाचं शेत तिसरं. पहिला शेतकरी बांध फोडायला तयार होईना. आणखी थोडं, आणखी थोडं. म्हातारी कपडे सावरून सरळ पाण्यात उतरली, त्याच्यासमोर उभी राहिली. पाणी तिच्या गुडघ्याला. खाली बघितलं, मग त्याच्याकडे.

त्याने फावडं उचललं.

चार वाजेपर्यंत पाणी मेलेल्या झाडांच्या रांगेपर्यंत पोचलं होतं. माझे बूट वाहून गेले. अनवाणी गाडी चालवत घरी आले. यज्ञेशने दार उघडलं आणि पायांकडे बघून नुसता हसला.

११ मे, रविवार

विहिरी पुन्हा मोजल्या. ३.९ची ३.१. ५.६ची ५.०. एका पुराने बारा वर्षांचा खार जात नाही. तीन-चार पूर लागतील. पण आकडा उतरतोय!

दुपारी इंद्रनील — “सिदराह ‘टिकेल’मध्ये. अधिकृत. आणि मॅडम, फॉर्ममध्ये ‘कारणे’ हा कॉलम घालतोय आम्ही. बेचाळीसही गावांसाठी.”

उम्म तल्हाने पहिल्या तोडीची पेटी दिली. नको म्हटलं तर रागावली. नूपुर मराठीत म्हणाली, “आई, आपल्या हापूसपेक्षा गोड नाही, पण आहे छान.” अख्खं वाक्य!

२० मे, मंगळवार

काल उमैर सहज बोलून गेला — पुलापलीकडची केळी वाळायला लागलीत.

कुठली केळी?

एकोणीस घरं. यमनी कुटुंबं, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कसतात. बारा वर्षांपूर्वी पाणी तिकडे वळलं म्हणून आली आणि राहिली. बेचाळीसच्या यादीत ते गाव नाही. उपग्रहाच्या नकाशात हिरवा ठिपका होता. मी झुडपं समजले. बघायला चार किलोमीटर गेले नाही. माझ्याच हाताने लिहिलं — वाया जाते.

आज कोरा फॉर्म घेऊन एकटी गेले. गावाचं नाव काय लिहू, असं अंगणात उभ्या असलेल्या एका बाईला विचारलं. तिने कोरड्या पाटाकडे बोट केलं. विचारलं, यंदा पाणी कुठे गेलं?

तेवढं अरबी मला येतं.

म्हटलं, “मी नेलं.”

मग तिच्या अंगणात खाली बसले आणि पहिलं पान उघडलं.