भाडेखरेदीच्या मोटारीत वडील बसत नसल्याबाबत

दिनांक : १५ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
सेरी लारूत बँक,
तैपिंग शाखा, पेराक.

अर्जदार : सलबिया बिंती माहादी, शाळा लिपिक, राहणार कामुंतिंग.

विषय : भाडेखरेदी करारावर घेतलेल्या मोटारीत वडील बसत नसल्याबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ : १) माझा अर्ज दि. ३ जून. २) आपले नकाराचे पत्र दि. २१ जून. ३) माझा अर्ज दि. २२ जुलै. ४) आपले नकाराचे पत्र दि. १९ ऑगस्ट, ज्यात माझा विषय चुकून 'वडील विकत नसल्याबाबत' असा छापला गेला आहे.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी गेली बावीस वर्षे शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. गळक्या छपरापासून हरवलेल्या पृथ्वीच्या गोलापर्यंत सर्व विषयांवरचे अर्ज मीच लिहिते, त्यामुळे तिसरा अर्ज कोणत्या फायलीत जातो याची मला पुरेपूर कल्पना आहे. तरीही लिहीत आहे. दुसरा मार्ग उरलेला नाही आणि शुक्रवारची वडिलांची हॉस्पिटलची फेरी जवळ आली आहे.

२. माझे वडील श्री. माहादी बिन लाझिम (वय ७१, निवृत्त टॅक्सीचालक, यापुढे 'अबाह') यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून, मार्चपासून दर सोमवारी, बुधवारी व शुक्रवारी सकाळी त्यांना हॉस्पिटलात चार तास डायलिसिसच्या यंत्रावर राहावे लागते. त्यांची ने-आण व्हावी एवढ्याच हेतूने मी मोटार घेतली. मला स्वतःला मोटारीची हौस नाही. माझी नोकरी शाळेच्या दुपारच्या सत्रात असून शाळा घरापासून चालत सात मिनिटांवर आहे.

३. मोटार घेताना आपल्या शाखेतील श्री. फदझलान यांनी मला दोन्ही मार्ग एका कागदावर मांडून दाखवले होते. भाडेखरेदी घेतली तर महिना ४८६ रिंगिट, नऊ वर्षे, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मोटार बँकेची. वैयक्तिक कर्ज घेतले तर महिना ७२७ रिंगिट, सात वर्षे, आणि मोटार पहिल्या दिवसापासून माझी. श्री. फदझलान म्हणाले, "पुआन, मालकी काय चाटायचीय? चाकं दोन्हीकडे चारच." मी आठवडाभर तो कागद पर्समध्ये घेऊन हिंडले. फरक २४१ रिंगिटचा होता. अबाहांना रक्त वाढवण्याच्या सुया घ्याव्या लागतात व त्यांचा महिन्याचा खर्च जवळपास तेवढाच येतो. एकीकडे सुया होत्या आणि दुसरीकडे नोंदणीपत्रावरची एक ओळ. मी सुया निवडल्या. माझ्या जागी आपणही त्याच निवडल्या असत्या असे मी धरून चालते.

४. दि. १६ मे रोजी मोटार दारात आली. अबाहांनी दुआ म्हटली, चारही टायर अंगठ्याने दाबून पाहिले, पुढच्या सीटवर बसून पट्टा लावला आणि सवयीने नोंदणीपत्र मागितले. भिंग लावून त्यांनी ते वाचले. वर माझे नाव होते आणि खाली, मालकीहक्काचा दावा या रकान्यात, आपल्या बँकेचे. त्यांनी पट्टा सोडला व खाली उतरले.

"म्हणजे भाड्याची आहे," ते म्हणाले.

मी म्हटले, "भाड्याची नाही हो अबाह, भाडेखरेदीची."

"भाडं आधी, खरेदी मागनं. त्या मागनं येणाऱ्या खरेदीची मी सहा वर्षं वाट बघितली, बिया. नाही आली ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छत्री घेऊन बसथांब्यावर जाऊन उभे राहिले. आजतागायत ते त्या मोटारीत बसलेले नाहीत.

५. आपल्या माहितीस्तव सद्यःस्थिती अशी आहे. आठवड्यातून तीन वेळा अबाह बसने हॉस्पिटलात जातात व मी त्यांच्या मागे आपल्या बँकेची रिकामी मोटार चालवत जाते. बसमध्ये मी सोबत बसावे तर परतताना त्यांना मध्येच भोवळ आल्यास हाताशी वाहन नको का, म्हणून हा खटाटोप. अबाह मागच्या खिडकीपाशी बसतात व प्रत्येक वळणावर मी मागे आहे ना, हे पाहून हात करतात. बसचा चालक आता मला ओळखतो. सिग्नल पिवळा झाला की तो माझ्यासाठी थांबतो, आणि मागच्या गाड्या त्याला शिव्या घालतात. मोटारीत पेट्रोल मी भरते, बसचे तिकीटही मीच काढते. शेजारीपाजारी विचारू लागले आहेत की माहादीच्या लेकीचे बापाशी वाजले की काय.

६. याबाबत मी यापूर्वी दोनदा अर्ज केला. पहिल्या अर्जात भाडेखरेदी रद्द करून तिचे वैयक्तिक कर्जात रूपांतर करावे, अशी विनंती होती. सुयांचे काय करायचे ते मी पाहिले असते. माझ्या पगारात तो हप्ता बसत नाही, असे आपण कळवले. दुसऱ्या अर्जात नोंदणीपत्रावरील बँकेचे नाव निदान बारीक अक्षरात छापावे, अशी विनंती होती. अक्षराचा आकार आपल्या अखत्यारीत बसत नाही, असे आपण कळवले. परिवहन कार्यालयाने तोंडी सांगितले की तो बँकेचा प्रश्न आहे. हप्ता पगारात बसत नाही, अक्षर अखत्यारीत बसत नाही आणि वडील मोटारीत बसत नाहीत, अशी ही एकूण स्थिती. मोटारीचा एकही हप्ता मी थकवलेला नाही, हे येथे नमूद करते.

७. दि. ९ ऑक्टोबर, बुधवारी, यंत्रावरून उतरल्यावर बसच्या पायरीवर अबाह कोसळले. चालकाने व मी त्यांना उचलले. माझी मोटार तीन पावलांवर उभी होती. अर्धवट शुद्धीतही त्यांनी बसचा दांडा सोडला नाही. अखेर बसमधल्या लोकांनी आपसात ठरवले आणि चालकाने मार्ग सोडून बस आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आणली. मी मागून आले. डॉक्टरांनी बजावले आहे की पुन्हा असे पडल्यास सुईच्या जागेतून रक्त जाईल व ते आवरणार नाही. तरीही शुक्रवारी आणि काल सोमवारी ते दोन ठिकाणी टेकत टेकत थांब्यापर्यंत चालत गेले.

८. त्या बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्यावर ओरडले. माणसाने हेका धरावा तरी किती, असे काहीसे बोलले. ते मोजून दिलेला अर्धा पेला चहा पीत होते. पेला खाली ठेवून त्यांनी मला जे सांगितले, ते मला सत्तेचाळीसाव्या वर्षी प्रथमच कळले. मी तेव्हा इपोहला शिकत होते. अबाहांची टॅक्सी एका कंपनीकडून भाडेखरेदीवर घेतलेली होती. सात वर्षे रोजचे पैसे भरले की ती त्यांची होणार होती. सहावे वर्ष संपत आले असताना आईचे ऑपरेशन झाले. तिच्या उशापायथ्याशी राहून अबाहांचे अकरा दिवस बुडाले. घरी सोडले त्या दिवशी त्यांनी आईला खालच्या बाकावर बसवले आणि "तू बस, मी गाडी घेऊन येतो" असे सांगून ते गेले. टॅक्सी जागेवर नव्हती. तेलाचा डाग तेवढा होता. आपणच जागा विसरलो असे वाटून त्यांनी हॉस्पिटलच्या वाहनतळाच्या तिन्ही रांगा दोनदा धुंडाळल्या. कंपनीची माणसे सकाळीच येऊन ती घेऊन गेली होती. टाके धरून आई बसने घरी आली, मध्ये एकदा बस बदलून. ती अबाहांना एका शब्दानेही बोलली नाही. "बस हवेशीर असते," एवढेच म्हणाली.

"मला माझी लाज नाही वाटत गं," अबाह म्हणाले. "पण मी वर चार तास यंत्राला बांधलेला. तू खाली बाकावर. मी खाली आलो आणि गाडी जागेवर नसली, तर तुला काय सांगू? तेव्हा तुझ्या आईला धरून बसपर्यंत नेलं. आता तुला धरायचं बळ नाही माझ्यात. त्यापेक्षा आधीपासूनच बसनं गेलेलं बरं."

मी त्यांना करार वाचून दाखवला. हप्ते थकल्याशिवाय आणि आधी नोटीस दिल्याशिवाय बँकेला मोटार नेता येत नाही, हे कलम बोट ठेवून दाखवले. ते म्हणाले, "नोटीस तेव्हाही आली असेल. मी हॉस्पिटलात होतो."

९. मी पाच महिने त्यांना हेकट समजत होते व तसे तोंडावर बोलतही होते. ते शब्द मागे घेण्यासाठी कोणत्या कार्यालयात अर्ज करावा, हे मला माहीत नाही. तो आपला विषयही नाही.

१०. सबब, माझ्या यापूर्वीच्या सर्व मागण्या मी मागे घेत आहे. मोटार बँकेचीच राहू द्यावी, अक्षरेही आहेत तेवढीच राहू द्यावीत. मला बँकेच्या कागदावर एकच पत्र हवे आहे. मजकूर असा : 'सोमवार, बुधवार व शुक्रवार या दिवशी श्री. माहादी बिन लाझिम हे उपचारासाठी हॉस्पिटलात असताना, सदर मोटार बँक तेथून हलवणार नाही. ते खाली येतील तेव्हा मोटार लावलेल्या जागीच असेल.' आपले श्रम वाचावेत म्हणून मी ते मोठ्या अक्षरात टाइप करून सोबत जोडले आहे. फक्त सही व शिक्का हवा. शिक्का शक्यतो गोल असावा. टॅक्सी कंपनीचा चौकोनी होता.

अशा पत्राची तरतूद नाही, हे आपण मला कळवाल. नाहीच आहे. मीही कार्यालयातच आयुष्य काढले आहे. ते नियमात बसते का हे कृपया पाहू नये. ते वाचून एक म्हातारा माणूस मोटारीत बसतो का, एवढेच पाहावे. मी थकले आहे, महोदय. बसच्या मागच्या खिडकीतून हात करणाऱ्या वडिलांच्या मागे मोटार चालवणे फार थकवणारे आहे.

कार्यवाहीच्या प्रतीक्षेत,

आपली, व सध्या आपल्याच मोटारीची चालक,
(सही)
सलबिया बिंती माहादी

सोबत :
अ) पत्राचा मसुदा, दोन प्रती.
आ) मोटारीच्या पाच हप्त्यांच्या पावत्या.
इ) दि. ९ ऑक्टोबरची डॉक्टरांची चिठ्ठी.
ई) जुन्या टॅक्सीच्या रोजच्या भरण्याची एक पावती. बाकीच्या अबाहांनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत व त्या द्यायला ते तयार नाहीत.

ता. क. : पत्र टपालाने पाठवू नये. मालकाच्या तोंडून ऐकल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असे अबाहांचे म्हणणे आहे. त्यामुळे परवा, गुरुवारी, सकाळी दहा वाजता ते स्वतः आपल्याकडे येतील. येताना बसनेच येतील. मी मागून मोटार आणते आणि ती आपल्या दारासमोर, आपल्या खिडकीतून दिसेल अशी लावते. परत जाताना ते कशात बसतील, हे आपल्याला तिथूनच पाहता येईल.