त्याच्या भाषेत

रवि. ९ नोव्हें.
सकाळी गच्चीवर सोसायटीची मीटिंग. इमारत पाडून नवी बांधायची. सेक्रेटरी मिलिंद बिल्डरचं संमतिपत्र वाचत होता, सगळं इंग्रजीत. सगळ्यांनी मुकाट सह्या केल्या, कळलं नाही तरी. विचारायची लाज. फक्त तळमजल्याच्या प्रमोदने विचारलं, "मिल्या, नवं घर कधी मिळणार ते मराठीत सांग ना." मिलिंद मान वर न करता म्हणाला, "समबडी प्लीज एक्सप्लेन इट टू हिम इन हिज लँग्वेज." चार जण हसले. प्र.ने लोखंडी घडीची खुर्ची उचलली, थेट तोंडावर घातली. पुन्हा घातली. दुसऱ्या वेळचा आवाज ओला होता. मिलिंद "आई गं" करत कोसळला. तिसरा घाव कठड्यावर बसला, नाहीतर...
संमतिपत्रांवर रक्त. पोलिसांनी प्र.ला नेलं.
दोघंही माझे विद्यार्थी. एकाच बाकावरचे.

सोम. १०
शाळा आठवते सारखी. नदीची कविता म्हणायला लागलो की खाडीवरचा वारा खिडकीतून यायचा, मुलं डोलायची. प्र.ला मराठी कविता तोंडपाठ. इंग्रजीच्या तासाला मात्र... नको.
संध्याकाळी मिलिंदच्या मुलाने मित्र आणून प्र.च्या खिडक्या स्टम्पने फोडल्या. शिव्या हिंदीत. प्र.ची बायको सुनीता दारात आली, तिला मात्र इंग्रजीत, "आंटी, डोन्ट क्रिएट अ सीन." तिच्या तळपायात काच. आमच्या हिने काढली, हळद दाबली. जिन्यात लाल पावलं उमटलीत, कुणी पुसत नाही.

मंगळ. ११
हॉस्पिटलात. मिलिंदचा जबडा तारांनी बांधलाय, चार दात गेले. "दुखतंय हो सर," दातांच्या फटीतून. डॉक्टर आले तसा उशीवर सावरला, "आय ॲम ऑलराइट, डॉक्टर." लाळेत रक्त होतं. त्या अवस्थेतही कुणासमोर कोणती भाषा, हे चुकलं नाही.
डॉक्टर गेल्यावर विचारलं, "तेच वाक्य का काढलंस रे?"
त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. "तुमचंच आहे सर. तोंडात बसलंय."

बुध. १२
लिहूनच टाकतो. सातवीचा वर्ग. प्र. इंग्रजी वाचताना अडला की मी हेच वाक्य म्हणायचो, शब्द न् शब्द. ती खूण. वर्ग हसायचा आणि मॉनिटर मिलिंद उठून प्र.च्या बोटांच्या पेरांवर लाकडी पट्टी धारेने मारायचा. एकदा नख निघालं. मी फळ्याकडे तोंड करून पुढचं कडवं लिहीत होतो. काय सुंदर अक्षर होतं माझं.
गच्चीवर हसलेल्या चौघांत मीही होतो.

गुरु. १३
सुनीता लंगडत आली. वकील म्हणतो, डिवचल्यामुळे एकदम हात उठला असं दिसलं तर कलम हलकं. नाहीतर जिवे मारण्याचा प्रयत्न. म्हणजे काही वर्षं आत, एमआयडीसीतली नोकरीही गेली. "सर, तुम्ही आमच्या ह्यांच्या शेजारीच बसला होतात. सांगाल ना, मिलिंद काय बोलला ते?"
दुपारी पोलीस ठाण्यात जबाब. हवालदाराने वाक्य मराठी करून वाचलं, 'कृपया कुणीतरी याला याच्या भाषेत समजावून सांगा.' म्हणाला, "यात डिवचण्यासारखं काय, सर? मदतच करत होता की तो."
म्हटलं, कागदावर दिसणार नाही, म्हणून दाखवतो. म्हणालो. इतक्या वर्षांनी तोच स्वर, जराही शोधावा लागला नाही.
समोरच्या बाकावर प्र.ला बसवलं होतं. ताडकन उठला. दोघा शिपायांनी मानेला धरून मागे रेटला, डोकं भिंतीवर आपटलं. सोडल्यावर त्याने काय करावं? दोन्ही हात माझ्यापुढे धरले. पालथे, बोटं जुळवून.
"याला काय झालं?" हवालदार.
उठून आलो.

शनि. १५
ठाण्यात जबाब टाइप झालाय. त्यात वाक्य आहे, बाकी काही नाही. म्हटलं, हे आधी कोण म्हणायचं आणि मग काय व्हायचं, तेही घाला. साहेब वैतागले, "शाळेतलं कशाला उकरताय, आजोबा? सही करा, मोकळे व्हा." वाटल्यास स्वतःच्या हाताने लिहून आणा म्हणाले, सोमवारी अकरापर्यंत.
मिलिंदच्या बायकोचा फोन. "सर, आपल्या कोपर भागात लोक अजून वाकून नमस्कार करतात तुम्हाला. विचार करा." आवाजात जरब.
हिला सगळं सांगितलं. ताट सरकवून उठली. "तेव्हा घरी येऊन जेवायचात कसे हो?"
लिहायला बसलोय. 'प्रमोदला मारायला मी लावत असे.' एवढंच लिहायचं आहे. तीन कागद फाडले. दर वेळी पुढे 'शिस्तीसाठी' लिहिलं जातं.
चौथा घेतलाय.