लाल पट्टीतला काटा

३ नोव्हेंबर १९९१. आमली, सिल्वासा
काल शिरपूरहून आलो. सुकदेवच्या दोन खोल्या छान आहेत. सूनबाईने, सोनीने, शेवभाजी केली. सुकदेवने टेप, अँप्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर घेतले आहेत. म्हणाला, आबा, आईची कॅसेट आता नीट ऐका. त्याच्या हळदीला केसरबाईने गायलेली गाणी. तिला जाऊन आठ महिने झाले. एवढीच उरली आहे.

४ नोव्हेंबर
सुकदेवने शिकवले. टेपची वायर अँप्लिफायरच्या मागच्या भोकातच घालायची. पुढचे भोक माइकचे. माइकचा आवाज इवलासा, म्हणून ते त्याला कितीतरी पट वाढवते. टेपचा आवाज मुळातच दांडगा, तिथे घातला तर फाटतो. अँप्लिफायरवरचा आवाजाचा काटा लाल पट्टीत जाऊ द्यायचा नाही. सोनी हसली, आबा, उद्या परीक्षा घेईन.

७ नोव्हेंबर
दोघे सायली गावातल्या कारखान्यात गेले की दुपारी ऐकतो. दुसऱ्या गाण्यानंतर केसर थांबते, हळूच काही बोलते. बटण वाढवले तरी कळत नाही.
शेवटच्या दिवशीही ती खोकत खोकत अशीच हळू बोलली. मी रेडिओ मोठा करून बाजारभाव ऐकत होतो. ती पाणी मागत होती, हे शेजारणीने नंतर सांगितले.

९ नोव्हेंबर
चूक केली. वायर माइकच्या भोकात घातली. काटा लाल पट्टीत आपटला, स्पीकर थरथरला. पण त्या फाटक्या आवाजात तिचे बोलणे कळले. पाणी.
वायर परत मागे लावली. गाणी नाहीत. नुसते पाणी, पाणी.

१० नोव्हेंबर
बटण दोनवर. काटा लाल. एकवर. लाल. शेजारच्या ललितने विचारले, काका, घरमां कोण बिमार छे? दिवसभर खोकतंय.

११ नोव्हेंबर
सुकदेवने कॅसेट लावली. त्याला नुसती खरखर ऐकू आली. रागावला नाही. म्हणाला, आबा, आई एवढीच उरली होती. मग तोंड फिरवून बसला.

१२ नोव्हेंबर, दुपार
वायर काढली. प्लगही. काटा तरी लालच — खोकते आहे.
तांब्या भरून स्पीकरपुढे ठेवला. या वेळी उशीर केला नाही, केसर.
पाणी तसेच. म्हणते, सुकाचे बाबा, आधी तो आवाज कमी करा ना.
बटण शून्यावर आहे. कसला आवाज —
तिच्या मागून रेडिओ. बाजारभाव. आणि कोणीतरी बोलते — माझाच आवाज — थांब गं, एवढा कापसाचा भाव ऐकू —