आरीच्या मुठीतला खळगा

जालना, माघ १९४६, बुधवार

संध्याकाळी बायकोच्या चपलेचा अंगठा तुटला, म्हणून बापूंची, माझ्या वडलांची, चामडं टोचायची आरी काढली. बापू गेल्यापासून तिला हात लावला न्हवता. लाकडी मुठीला त्यांच्या तळव्यानं पडलेला खळगा हाय, पण माझा हात काही त्यात बसंना. ही म्हणाली, "नवी मूठ बसवून आणा की." मी निघालोही. मंग आठवलं, बापू डावरे होते. हे मी विसरलो कसा? राजूरच्या ओट्यावर त्यांच्यासमोर बसून दोऱ्याला मेण लावायचो, तेव्हा तोच हात तर बघायचो...

आरी डाव्या हातात धरली. तळवा खळग्यात बराबर बसला. टाके मात्र वाकडे आले.

"उसवून नीट घाला," ही म्हणाली.

न्हाई उसवले. आता उजव्या हातानं लिहून राह्यलो, पण डाव्या तळव्याला तो खळगा अजून जाणवून राह्यलाय.